मिलिंदचा आवाज

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करतानाही नाही — तिथे तर मी नेहमी दुसरीच पापं पुढे करायचे, लहानसहान, सहज माफ होतील अशी. मग तुम्हालाच का सांगते आहे? मला नीट माहीत नाही.

सत्तर सालच्या आसपास मी नागपुरातल्या मुलांच्या एका शाळेत गाणं शिकवत होते. चार आवाजांचं गाणं — पेटी नाही, तबला नाही, नुसते चार गळे. एक जण मूळ चाल गातो, एक त्याच्या वर, एक खाली, आणि चौथा उरलेली जागा भरतो. अमेरिकेत म्हणे न्हाव्याच्या दुकानात बसलेली माणसं असं गायची. हे सांगितलं तेव्हा पोरं खूप हसली आणि स्वतःला ‘कटिंग पार्टी’ म्हणवून घेऊ लागली. चौघांचे सूर नेमके जुळले की खोलीत पाचवंच कुणी गातंय असं वाटायचं. मला त्याची चटक लागली होती. चटकच — दुसरा शब्द नाही.

वरचा आवाज मिलिंदचा. आठवीत होता. त्याचे वडील, शामराव, शहराच्या कडेला वाडी गावातल्या गोदामात माल उतरवायचे आणि संध्याकाळी वस्त्यांमध्ये भीमगीतं गायचे. त्यांची स्वतःची गायन पार्टी होती. आपल्यामागे ती पोरगाच चालवेल, असं ते भेटेल त्याला सांगत.

जबलपूरला स्पर्धा होती. तिच्या आधीच्या थंडीत मिलिंदचा आवाज फुटू लागला. मला कळलं नाही? कसं नाही कळणार — ते कळण्याचाच तर मला पगार मिळत होता. अशा वेळी मुलाला वरच्या सुरातून काढायचं, गळ्याला विश्रांती द्यायची. पण दुसरा मुलगा नव्हता माझ्याकडे. तो म्हणाला, “बाई, गळा लय दुखून राहिला.” मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या आणि म्हटलं, पुन्हा एकदा. त्या थंडीत मी ‘पुन्हा एकदा’ किती वेळा म्हटलं असेन?

जबलपूरला स्टेजवर, गाणं अर्ध्यात असताना, त्याचा सूर तुटला. नुसती हवा आली. परतताना गाडीत त्यानं पाणीही खुणेनं मागितलं. त्याला बोलताच येत नव्हतं.

मेडिकल कॉलेजच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी शामरावांना विचारलं, असल्या गळ्यावर याला गायला कुणी लावलं? तोच प्रश्न घेऊन शामराव शाळेत आले. हेडमास्तरांच्या खोलीत, हात जोडून उभे. मिलिंद शेजारी. रागावले नव्हते ते, खरंच विचारत होते — “बाई, याच्या गळ्याले झालं तरी काय?”

आणि मी म्हणाले, “तुम्हीच याला तुमच्या पार्टीत थंडीत, धुरात गायला नेता. मी तर याच्याजवळ आधीच सांगून पाठवलं होतं, याला आराम द्या.”

असं मी कधीच सांगितलं नव्हतं. एकदा-दोनदा नेलं असेल त्यांनी त्याला. पण हेडमास्तरांनी लगेच मान डोलावली. त्या वस्तीतल्या गाण्याबद्दल वाईट काही मानायला त्या खोलीत पुरावा लागत नव्हता — आणि हे बोलताना मला ठाऊक होतं. म्हणूनच तर ते वाक्य इतकं पटकन सुचलं.

मिलिंदनं माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. आवाज आला नाही. शामराव म्हणाले, “पोरानं सांगतलं असन घरी. मीच ध्यान नाही देलं.”

पुढे आवाज आला त्याला, पण घोगरा, बोलण्यापुरता. गाण्याचा गेला तो गेलाच. शामरावांनी पार्टी मोडली.

दहा-बारा वर्षांनी मिलिंदच्या लग्नाला त्यांनी मला आवर्जून बोलावलं. मी गेले. न जाण्याचीही हिंमत नव्हती. जेवणं चालू असताना लोक त्यांच्या मागे लागले, आज तरी गा. त्यांनी हात जोडले. “मी गातो त मले पोराचा गळा आठवते. या बाईंनी मले आधीच सांगतलं होतं. मी ऐकलं नाही.” सगळे माझ्याकडे आदरानं पाहू लागले. मिलिंद पंगतीत वाढत होता. माझ्यासमोर थांबला, त्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, “बाई, बुंदी घ्या.” खरं त्याला माहीत होतं. बापाला त्यानं ते का सांगितलं नाही? मास्तरणीच्या शब्दापुढे आपलं कोण ऐकेल, असं वाटलं असेल? की म्हातारा आणखी मोडेल असं? मी विचारलं नाही.

तेव्हा मला बोलता आलं असतं. शामराव चार हातांवर उभे होते. मी बुंदी घेतली, आणि खाल्ली.

पुढच्या थंडीत शामराव वारले. पोराचा गळा आपणच घालवला, हेच शेवटपर्यंत त्यांना वाटत होतं.