वीसपैकी सतरा

हिराजीकाका माणसाकडे आधी कारागीर म्हणून बघत आणि मग ओळख विचारत. आमच्या पेपरच्या पेणच्या कचेरीतून हमरापूरच्या एका गणपतीच्या कारखान्यात मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा परदेशी जाणाऱ्या मूर्तींची बातमी करायची होती. मालक फोनवर होता. कोपऱ्यात पाटावर बसलेल्या, रंगाने माखलेल्या बनियनमधल्या एका किरकोळ अंगाच्या म्हाताऱ्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सांगितलं, "उजवा डोळा तुमचा जरा खाली आखलाय. आखणाऱ्याचा हात हालला असंल. लांबून नाय समजत." मग पाण्याचा तांब्या पुढे केला. नाव त्यानंतर विचारलं.

या तपासणीतून कोणी सुटत नसे. सरपंचांचं नाक म्हणे साच्यातून काढतानाच बसलं होतं. बँकेतल्या नव्या साहेबांचा रंग उत्तम, पण "पॉलिश पेपर मारायचा राहिला." शेजारच्या भटजींचं पोट मात्र काकांना पूर्ण मान्य होतं. "त्याला हात लावायचा नाय. ते शास्त्राप्रमाणे हाय," असं ते गंभीरपणे सांगत. कोणाला राग आल्याचं ऐकिवात नाही, कारण दोष सांगून झाल्यावर ते प्रत्येकाला एकच दिलासा देत. लांबून समजत नाही.

कारखान्यात त्यांचं काम शेवटचं. साच्यातून निघालेल्या मूर्तीला जोड असतात, वाळताना तडे जातात, गाडीत चढवताना एखादी सोंड दुखावते. अशा मूर्ती काकांपुढे येत. खडूची पूड आणि सरस कालवून केलेली लांबी ते तड्यात भरत, बोटाने सारखी करत, घासत, वर रंग देत. मग मालकालाच विचारत, "सांगा, कुठं होता?" मालकाला सांगता येत नसे. चाळीस वर्षांत आपल्या हातून तडा दिसणारी एकही मूर्ती बाहेर गेली नाही, असा त्यांचा दावा होता. तो खोडून काढणारं कोणी मला भेटलं नाही.

"तडा हाय ते मला म्हाईत आणि मूर्तीला म्हाईत," ते म्हणत. "तिसऱ्याचा काय संबंध?"

त्यांची बायको सुलोचना, गावाची सुलूकाकी, रोह्याजवळच्या निडीची. मुकुटांना सोनेरी रंग लावण्यात तिची हयात त्याच कारखान्यात गेली. माझी ओळख झाली तेव्हा तिची डावी बाजू झटक्याने गेलेली होती. बोलणं सावकाश झालं होतं, पण त्यातलं तिखट कमी झालेलं नव्हतं. तिला उठवणं, अंघोळ घालणं, नेसवणं, केस विंचरणं हे सगळं काका करत आणि ते उरकून कारखान्यात येत. एकुलती मुलगी वनिता रोह्यात कंपनीत शिफ्टवर जाई. नवरा, दोन मुलं आणि सासू यांच्यासह ती दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत राहत होती. रविवारी येऊन ती आईचं अंथरूण-पांघरूण धुऊन जाई.

"हिला उचलायचं म्हंजे तीन फुटी मूर्ती उचलायची," काका सांगत.

"मूर्ती गप असते," काकी खाटेवरून म्हणे. "मी बोलते, म्हणून जड लागते."

एका सकाळी काका पेणला कचेरीत आले. खुर्चीवर बसल्यावर बराच वेळ त्यांनी माझ्या टेबलाच्या पायाला गेलेली चीर बोटाने चाचपली. मग म्हणाले, "छातीत कळ येते. डॉक्टर बोलला, वजन उचलायचं नाय."

"मग नका उचलू."

"वजन घरातच हाय, साहेब." मग त्यांनी खरं काम सांगितलं. "मी आधी गेलो तर हिचं कोण करील? तेवढं बघा."

रोह्याजवळ सरकारी खर्चाने चालणारं एक केंद्र नुकतंच सुरू झालं होतं. ज्यांना स्वतःचं स्वतः करता येत नाही आणि घरात करणारं कोणी नाही, अशा वृद्धांना तिथे कायमचं ठेवून घेत. वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, काकांच्या डॉक्टरचा कागद हे सगळं आम्ही पंधरा दिवसांत जमवलं. राहिली घरी येऊन होणारी तपासणी. दहा प्रश्न होते. अंघोळ, कपडे, जेवण, उठणं, चालणं वगैरे. स्वतः करता आलं तर दोन गुण, मदत लागली तर एक, मुळीच जमलं नाही तर शून्य. जितके गुण कमी तितकी पात्रता अधिक. हे मी काकांना नीट समजावलं होतं. त्यांनी मानही हलवली होती.

तपासणीच्या दिवशी मी दाराशी उभा होतो. घर धुऊन पुसून काढलेलं. खाट जागची हलवून अशी लावली होती की खिडकीतला उजेड काकीच्या उजव्या बाजूवर पडावा. व्यापारी माल बघायला आला की कारखान्यात मूर्ती अशीच फिरवून ठेवतात. डाव्या खांद्यामागे पेंढ्याचा टेका, त्यामुळे काकी ताठ. डावा हात मांडीवर ठेवून त्यावर पदर घेतलेला. नवं नऊवारी, केसांत अबोली, चेहऱ्यावर हलकी पावडर. तिच्या ओठाचा डावा कोपरा खाली ओघळलेला असे. तो कुंकवाच्या बोटाने अर्ध्या गव्हाएवढा वर नेलेला होता. मला हे दिसलं, कारण मला तो कोपरा माहीत होता.

"अगबाई, आजी किती छान दिसतात!" तपासणीला आलेल्या मॅडम म्हणाल्या.

"व्हय ना?" काका म्हणाले, आणि अर्ज तिथेच बुडाला.

"अंघोळ करतात?"

"रोज. कडक पाण्यानं."

"साडी?"

"बघा की. निरी बघा."

"उठतात किती वाजता?"

"पाचला. कोंबड्याच्या आधी."

यातलं एकही उत्तर खोटं नव्हतं, हे नोंदवलं पाहिजे. मी दोनदा खाकरलो. काकांनी मला पाणी आणून दिलं. शेवटी मॅडमनी काकीलाच विचारलं, "आजी, तुम्हाला त्रास कशाचा आहे?" काकीने नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ह्यांचा." सगळे हसले. मॅडमनी आनंदी प्रकृतीचे दोन गुण दिले असावेत.

आठवड्याने कागद आला. वीसपैकी सतरा, अपात्र. काकांनी तो चष्मा लावून वाचला आणि क्षणभर त्यांचा चेहरा उजळला. "सतरा! शाळेत मला कधी सात नाय पडले." मग खालचा शब्द वाचून त्यांनी चष्मा काढला.

"काका, आपल्याला शून्याच्या जवळ जायचं होतं," मी म्हणालो.

"म्हंजे तडा दाखवायचा?"

"आहे तेवढा दाखवायचा. बातमीत आम्ही आहे तेवढंच लिहितो."

"म्हणून खपत नाय तुमचा पेपर."

"ह्यांना मला धाडायचंच नाय," खाटेवरून काकी म्हणाली. "मुद्दाम पास केलं मला."

"गप गो! हाताला सवय हाय ती."

दोघांपैकी खरं कोण बोलत होतं ते मी ठरवू शकलो नाही. दोन्ही बाजूंत तथ्य असावं. पण त्याच महिन्यात न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी काकांच्या छातीत कळ आली आणि दोघंही भिंतीला टेकून खाली बसली. शेजारीण दूध मागायला आली म्हणून कळलं. तोपर्यंत दोघं तशीच बसून होती. "इथं गार लागतं, बसायला बरं," असं काकांनी तिला सांगितलं. त्या संध्याकाळी वनिता शिफ्ट सोडून आली, बापासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, माझ्या खोलीत आयेची खाट मावत नाय. मावली असती तर सरकारला विचारायला लागलं नसतं. तुम्ही खरं सांगा, नायतर मी नोकरी सोडते." काकांनी फेरतपासणीच्या अर्जावर सही केली. सही करताना हात स्थिर होता. आखणीची सवय.

दुसऱ्या वेळी मॅडमबरोबर डॉक्टर आले. खाट जागेवर होती. पेंढा नव्हता, पावडर नव्हती, रोजचं विटकं लुगडं होतं. काकी डाव्या अंगाला कलून पडली होती. काकांना वनिताने स्टुलावर बसवलं होतं आणि उठायचं नाही अशी तंबी दिली होती. त्यांनी दोन्ही पंजे मांडीखाली घातले होते.

"स्वतः अंघोळ करतात?"

"नाय."

"कपडे?"

"नाय."

"कूस बदलता येते?"

"नाय." प्रत्येक 'नाय'ला ते खिडकीबाहेर बघत. जेवणाच्या प्रश्नावर मात्र त्यांनी हट्ट धरला. "उजव्या हातानं जेवते ती. भाकर मोडून दिली की जेवते. तिथं शून्य टाकू नका." मॅडमनी एक गुण लिहिला आणि तो वहीत त्यांना दाखवला.

मग डॉक्टर म्हणाले, "आजी, जमेल तेवढं उठून दाखवा."

काकीने उजव्या हाताने खाटेची कड धरली. खांदा उचलला गेला, मान आली, आणि मग सगळं अंग डावीकडे, भिंतीच्या उलट दिशेला सरकू लागलं. काका स्टुलावरून अर्धे उठले. त्यांनी वनिताकडे पाहिलं, काकीकडे पाहिलं आणि परत बसले. मांडीखाली हात पुन्हा घातले. काकीला डॉक्टरांनी धरलं.

"बसा ओ," काकी धापा टाकत म्हणाली. "पडले नाय मी."

ते लोक जाईपर्यंत काका बसून राहिले. मग परसात जाऊन त्यांनी धुतलेले कुंचले पुन्हा धुतले. मी मागे गेलो तेव्हा म्हणाले, "किती?"

"पाच."

"म्हंजे पास?"

"पास."

"उलटा कारभार," ते म्हणाले, आणि कुंचल्याचे केस बोटाने सरळ करत राहिले.

केंद्राची गाडी आली त्या दिवशी अर्धं हमरापूर दारात होतं. गाडीत खाट चढवताना काकी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "निडीच्या बाजूला चाललेय. माहेरीच म्हणा. आता न्यायला येऊ नका." काका म्हणाले, "कोण येतो!" त्याच आठवड्यात गुरुवारी ते पॅसेंजरने रोह्याला गेले आणि पुढच्या प्रत्येक गुरुवारी गेले. तिथल्या मुलींना त्यांनी काकीला कसं धरायचं ते शिकवलं. शिकवलेलं विसरतील म्हणून मूर्तीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर रंगाने सुबक अक्षरांत सूचना लिहिल्या आणि तो खाटेच्या उशाशी टांगला. डावा हात ओढू नये. वळवण्याआधी सांगावे. चिडली तर बोलू द्यावे. केंद्राच्या व्यवस्थापकांनी तो काढायला सांगितला नाही. उलट शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी आपल्यासाठीही एक मागितला. काकांनी करून दिला. आजोबांच्या हनुवटीबद्दलचं मत मात्र त्यांना तोंडी सांगितलं.

पुढच्या थंडीत, एका मंगळवारी, कारखान्यात दुपारच्या जेवणानंतर काका पाटावरच भिंतीला टेकले ते टेकलेच. समोर सोंड भरलेली एक मूर्ती होती, लांबी अजून ओली होती.

पुढचं मी पाहिलेलं नाही. वनिताने सांगितलं तसं लिहितो. ती केंद्रात पोचली तेव्हा जेवणं चालू होती. एक मुलगी काकीला भाकर मोडून देत होती, दुसरी गोळी काढत होती. काकीने वनिताला बघितलं आणि घास खाली ठेवला.

"आज तुझी शिफ्ट ना गो?"

वनिता खाटेच्या कडेला बसली.

"गेले?"

"व्हय."

काकीने ताटाकडे पाहिलं. "जेवले होते?"

"जेवले होते. डबा रिकामा होता."

काकीने मान हलवली आणि त्या मुलीला ताट पुढे ओढायला सांगितलं. वनिताला ते सहन झालं नाही. "आये, त्यांना अजून न्यायचं हाय. आता कसली जेवतेस?"

"रिकाम्या पोटी गोळी द्यायची नाय, असं त्यांनीच या पोरींना बजावून ठेवलंय," काकी म्हणाली. "आज मी नाय जेवले तर या दोघी कोणाला तोंड दाखवतील?"

तिने चार घास खाल्ले, गोळी घेतली, उजव्या हाताने तोंड पुसलं. मग दोघी मुलींनी तिला काकांनी शिकवलं होतं तसं धरलं, आणि ती हमरापूरला निघाली.