गाळलेली ओळ

आमच्या घरात इंग्रजी कागद माझ्याकडे येतो. बाबा इकडे बंगालात, बजबजला तेलाच्या डेपोत टँकर भरून घेतात, दहावीनंतर कामाला लागले. कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे माझ्या खुब्याच्या ऑपरेशनचा संमतीचा फॉर्म बाबांना वाचून दाखवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

सांध्यातली फाटलेली कड दुर्बिणीने शिवायची होती. भूल उतरल्यावर दुखू नये म्हणून जांघेजवळ एक इंजेक्शन देऊन मांडीकडे जाणाऱ्या नसा काही तास बधिर करणार होते. पुढे लिहिलं होतं, तेवढा वेळ पायात ताकद राहणार नाही. ती ओळ वाचून मीच घाबरले. कुणाला विचारलं तर एवढंही कळत नाही असं दिसेल, असं वाटलं.

"काय आहे?" बाबांनी विचारलं.

"दुखू नये म्हणून इंजेक्शन."

"मग बरंच आहे," म्हणत त्यांनी सही केली.

ऑपरेशन होऊन दुपारी मला वॉर्डात आणल्यावर बाबांनी माझी मांडी दाबली. "कळतंय?"

नव्हतं कळत. मी गुडघा उचलायला गेले, तो उचललाच जाईना.

"फॉर्मात हे होतं?"

"होतं. मी वाचलं नाही तुम्हाला."

बाबा रागावले नाहीत, पण माझ्याकडे न बघता उठले आणि त्यांच्या मोडक्या बंगालीत नर्सला बोलावून घेऊन आले. तिने आम्हाला दोघांना हिंदीत समजावलं. पायातली जाण आणि ताकद संध्याकाळपासून हळूहळू परत येईल. तोवर एकटीने उठायचं नाही. आणि दुखायला लागलं की लगेच सांगायचं, वाढेपर्यंत थांबायचं नाही. किती दुखतंय ते शून्य ते दहा आकड्यात सांगायचं, दहा म्हणजे असह्य.

"दहा म्हणजे फर्स्ट क्लास," बाबा पुटपुटले. पण हसले नाहीत. मधूनमधून माझ्या मांडीला हात लावून बघत राहिले.

उजेड कमी व्हायला लागला तेव्हा मांडीत मुंग्या आल्या. मग आत खोलवर ठणका सुरू झाला. मला खरं तर आनंदच झाला, पाय माझाच होता. नर्सने विचारलं, "किती?"

"दोन," मी म्हणाले. आमच्याकडे कुणी विचारलं की बरं आहे म्हणायची रीत आहे.

"दीदी, ही माझीच मुलगी आहे," बाबा म्हणाले. "दाढ दुखून गाल सुजला तरी मी डेपोत ठीक आहे म्हणत होतो." मग माझ्याकडे वळून मराठीत, "खरं सांग. फॉर्मसारखं करू नकोस."

"सहा."

नर्सने लिहून घेतलं, औषध दिलं. अर्ध्या तासाने ठणका मावळला. बाबा म्हणाले, "हलव बघू." गुडघा चादरीखाली बोटभर वर आला. त्यांनी दोनदा हलवायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यायामाचा कागद मिळाला. बाबा खुर्ची ओढून बसले. "वाच. ओळ गाळायची नाही."

मी वाचत गेले. कुबड्या घेऊन पायावर किती भार टाकायचा, तिथे अडखळले.

"बाबा, हे मला कळलं नाही."

"मग विचारू ना," ते म्हणाले, आणि दाराकडे बघून नर्सला जरा या म्हणून हाक मारली, "दीदी, एकटू आशून."