बाबांच्या गाडीचे ब्रेक बदलतोय

मी इथे फारसं लिहीत नाही. पण जुन्या गाड्या जपणाऱ्या तुम्हा सगळ्यांना आजचं सांगावंसं वाटलं.

बाबांना जाऊन दोन महिने झाले. त्यांची साठ सालच्या आसपासची गाडी आता मी चालवतो. सकाळी आईला घेऊन वरोरहून तलासरीला निघालो होतो. सरावलीजवळ शेळी आडवी आली. ब्रेक दाबला तर गाडी डावीकडे ओढली गेली आणि गटाराच्या काठावर थांबली. आईचं कपाळ समोर आपटलं.

तिथल्याच गॅरेजमध्ये गेलो. गॅरेजवाले जयंतीभाई म्हणाले, "डिस्क ब्रेक टाकून देतो. पण मग गाडी ओरिजिनल नाही राहणार हां."

बाबांनी मूळचा स्क्रूसुद्धा बदलू दिला नव्हता. मी नको म्हणणार होतो.

कपाळाला बर्फ लावून बसलेली आई म्हणाली, "तुझ्या बाबाने शिडाच्या होडीला मशीन बसवलं, तेव्हा तुझा आजा दोन दिवस जेवला नाही. होडी बाटवली म्हणाला. तिसऱ्या दिवशी मशीन चालू झालं, तर पहिला तोच चढून बसला!"

"मग, टाकू ना?" जयंतीभाईंनी मला विचारलं.

"याला काय विचारतोस? माझ्या कपाळाला विचार."

मी हो म्हटलं. रंग, सीट, स्टिअरिंगजवळचा गिअर, सगळं तसंच राहील. ब्रेक मात्र नवे. बाबांनी माझ्याशी अबोला धरला असता, हे मला माहीत आहे. तो मी सोसला असता.

तुम्ही घरच्या जुन्या गाडीत काय बदललंत, आणि कोणाचा राग ओढवून घेतलात?