बारा गाड्यांच्या पुढं माझी गाडी

पारोळ्याहून पाचोऱ्याच्या टेसनावर कापूस न्यायचा तर बारा बैलगाड्यांची रांग निघायची, आणि सगळ्यात पुढं माझी. मला अक्षर येत नव्हतं, पण वाट पाठ होती. वाटेवरची झुडपं तर त्याहून पाठ. कारण पोट.

दिवसातून सहा-सात वेळा जावं लागायचं, आवेबरोबर रक्त पडायचं. धुळ्याच्या डॉक्टरनं तपासलं, म्हणाला, "मोठ्या आतड्याच्या शेवटी जखमा आहेत. थोड्याच आहेत. भरतील, पुन्हा होतील. जन्माची सोबत समज. तिखट सोड, पोट बिघडलं की ताकभात खा, रक्त वाढलं तर लगेच ये."

तिखट सोड! बायकोनं कपाळाला हात लावला. "मी माहेरले काय सांगू? जवाई बाळंत व्हयी गया, तिखट बंद?"

मी शहाणा. मुक्कामाला सगळ्यांबरोबर ठेचा-भाकर हाणली, आणि दुसऱ्या दिवशी भडगावपर्यंत तीनदा गाडी थांबवली. पुढची थांबली की मागच्या अकरा थांबतात. दुसऱ्या गाडीवर आमचे मुकादम आबा बसायचे. ते चिडले. "तुनी गाडी मांगे लाव."

मागं म्हणजे अकरा गाड्यांची धूळ खायची. माझ्या बापानं जन्मभर पुढचीच गाडी हाकली होती. मी हात जोडले. "आबा, एक फेरा द्या. गाडी थांबनी ते मी सोता मांगे जासु."

दहा दिवस नुसता ताकभात. बाकीचे भरीत खायचे, मी वासावर दोन घास जास्त घ्यायचो. आणि बैलांना शिकवलं, मी उतरलो तरी तुम्ही चालत राहा. आधी ते थांबून माझ्याकडं बघत बसायचे. लाज मला नव्हती, बिचाऱ्यांनाच वाटायची.

फेऱ्याच्या दिवशी गिरणेच्या अलीकडं पोटानं हाक दिलीच. लोटा घेऊन उडी टाकली. बैल चालत राहिले. बाभळीमागून उठतो तर बारावी गाडीपण पुढं गेलेली! एका हातात धोतर, एका हातात लोटा, असा मी रांगेच्या कडेनं पळतोय, आणि गाडीगाडीवरून ओरडा, "पय भाऊ, पय! बैल पुढे गयात!"

पाचोऱ्याला आबा हसून हसून डोळे पुसत उतरले. "गाडी थांबनी नही. पुढेच ऱ्हाय."

त्यानंतर ठेच्याला हात लावला नाही. जखमा आल्या, गेल्या, पुन्हा आल्या. गाडी मागं गेली नाही. लोक म्हणायचे, याच्या गाडीला तीन बैल, दोन ओढतात, तिसरा मागून पळतो. म्हणेनात का! धूळ कोण खात होतं, ते विचारा त्यांना.