काटा मधोमध होता

कॉलेजच्या ग्रंथालयात होते तेव्हा लखनौहून भाचीचा फोन आला. "बुआ, पापा नहीं रहे…" माझा थोरला भाऊ मिलिंददादा निशातगंजच्या घरी जेवून उठला आणि हात धुताना कोसळला. पुण्याहून मी रेल्वेनंच निघाले. सहा वर्षांत त्या शहराकडे जाणाऱ्या विमानात मी पाऊल ठेवलं नव्हतं. पोहोचले तेव्हा त्याला नेलं होतं.

दादा विमानतळावर यंत्रं सांभाळायचा. धुक्यात उतरणारं विमान नेमक्या उतारावर आहे की खाली-वर, हे सांगणाऱ्या लहरी जमिनीवरून सोडल्या जातात आणि वैमानिकासमोरचा काटा त्यावर हलतो; तो मधोमध असला की उतार बरोबर. त्या लहरींना समोरची जमीन सपाट, कोरडी लागते. पाणी साचलं की त्या बिघडतात. "आमचं यंत्र रुसकं आहे," तो म्हणायचा. "रुसलं की मनवत बसायचं नाही, सरळ बंद करायचं." बाबा हसायचे, "हे सूनबाईसमोर बोलून दाखव."

सहा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात दादाकडे असलेल्या बाबांचा शेवट जवळ आला. "पहिलं विमान पकड," दादा म्हणाला. त्याची ड्यूटी होती, रजा मिळाली नव्हती. विमान लखनौवर आलं ते धुक्यातच. खाली उतरत गेलं, आणखी खाली… आणि एकदम नाक उचलून वर गेलं. मग घिरट्या. खिडकीबाहेर धुक्याशिवाय काही नाही, पोटावर पट्टा आवळलेला. खालचं यंत्र बंद आहे, असं वैमानिकानं सांगितलं आणि आम्हाला जयपूरला नेलं. तिथंही दार उघडेना. मधल्या जागेत अडकून मी फोन हातात धरून बसले होते. वहिनी म्हणाली, "बाबा विचारतायत, सुजाता आली का…" तासाभरानं तिचाच पुन्हा फोन आला, आणि ती बोलायच्या आधीच मला कळलं. उठून उभं राहावं तर शेजारचे गृहस्थ झोपलेले. मी तशीच बसून राहिले.

संध्याकाळी घरी पोहोचल्यावर सगळ्यांसमोर विचारलं, "यंत्र तू बंद केलंस?"

"हो."

"वीस मिनिटं चालू ठेवता आलं नसतं?"

तो वळून आत गेला. त्यानंतर आमच्यात भीमजयंतीचा एक मेसेज तेवढा उरला. तो 'जयभीम' लिहायचा, मीही तेवढंच लिहायचे.

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाल्यावर त्याचे जुने सहकारी मिश्राजी माझ्याजवळ येऊन बसले. "दीदी, साहब ने आपको बताने से मना किया था. अब किससे पूछूँ?" बाबा गेले त्या सकाळी समोर पाणी साचून यंत्र दोनदा आपोआप बंद पडलं होतं. अशा वेळी दादा ते पुन्हा चालू करत नसे, कुणी वरिष्ठ ओरडला तरी. त्या दिवशी मात्र केलं. "बोले, मिश्रा, बहन है ऊपर, पिताजी उसी को पूछ रहे हैं. हमारे मॉनिटर पे सब ठीक था. बाद में पायलट ने बताया, काँटा बीच में था और जहाज़ बहुत नीचे. ज़मीन दिख गई, तो उठा लिया… साहब ने अपने हाथ से बंद किया और वहीं फर्श पर बैठ गए."

सहा वर्षं मी त्याला जे न केल्याबद्दल दोष देत होते, ते त्यानं केलं होतं. आणि मला ते सांगायचं तर विमानातल्या सगळ्यांचं काय होणार होतं, तेही सांगावं लागलं असतं. आता मी कुणाला सांगू, की मला कळलं?

निघायच्या दिवशी सकाळी वहिनीनं स्वयंपाकघराची खिडकी उघडली. समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी धुक्यात दिसत नव्हती. अशा दिवशी यंत्राजवळ लवकर पोहोचायला हवं म्हणून दादा अर्धाच कप चहा घेऊन पळायचा, सुट्टी असली तरी. वहिनीनं दोन कप मांडले. एक माझ्यासाठी काठोकाठ भरला, दुसरा अर्धा. मग पातेलं हातात धरून ती तशीच उभी राहिली.