शिवतेच आहेस ना

आई खिडकीपाशी जांभळा कुर्ता शिवते आहे; स्वतःसाठी, निव्वळ हौसेनं. एक बाही जोडून झाली की ती हातभर लांब धरून बघते आणि लहान मुलीसारखी खूश होते. तेवढ्यात दारातून शेजारच्या काकू साडी पुढे करतात, "शिवतेच आहेस ना, मग एवढा फॉल लावून दे." आई हसून सुईखालचं स्वतःचं कापड काढून ठेवते.

मला चीड येते. बाबा गच्चीत गुलाब लावतात, तेव्हा ‘आमच्याही कुंड्या भरून द्या’ असं कुणी म्हणत नाही. बाईची हौस तेवढी सगळ्या गल्लीच्या मालकीची! काकू गेल्यावर मी हे आईला तावातावानं ऐकवलं.

"पटतंय गं," ती म्हणाली. "पण तुझ्या हातात काय आहे?"

मोर्चाचा कापडी बॅनर होता. ‘घरकामही कामच आहे!’ त्याच्या कडा दुमडायच्या होत्या.

"मी करते माझं," मी पुटपुटले.

"आण इकडे. तुझ्याच्यानं सरळ टीप व्हायची नाही."

तिनं मशीन सुरू केलं. थांब म्हणायला मी तोंड उघडलं. पण मोर्चा उद्या सकाळीच होता.