भास्करने काढलेली लग्नं

तो रविवार होता. मी गच्चीवर तूर वाळत घालत होतो. खालून मुलीने हाक मारली, "बाबा, शेलूबाजारहून फोन आहे." फोनवर दौलत होता. म्हणाला, "मास्तर, आपला भास्कर गेला." मी वर जाऊन उरलेली तूर पसरली, हात धुतले आणि निघालो.

भास्कर आमच्या भागातला फोटोवाला. सत्तरच्या दशकात शेलूबाजारात पिठाच्या गिरणीला लागून त्याची एक खोली होती. आत एक पडदा, एक स्टूल, बाहेर काचेची शोकेस. त्या खोलीला आम्ही स्टुडिओ म्हणायचो! समोर दौलतचं सायकलचं दुकान. मी तिथल्याच शाळेत शिकवायचो. शाळा सुटली की आमची बैठक स्टुडिओतच.

भास्करच्या घरी पोहोचलो तर सुमनवहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "भाऊजी, आमचा दोघायचा संगं काढलेला फोटो हाय का तुमच्यापाशी? शोकसभेत ठेवाले तोच पाह्यजे मले."

मी म्हणालो, "शोधतो."

बाहेर अंगणात मात्र किस्से सुरू झाले होते. भास्करसारख्या माणसाचे किस्से जमवावे लागत नाहीत. येणारा प्रत्येक जण दारात चपला काढतो आणि त्यांच्याबरोबर एक किस्साही काढतो.

* * *

त्या काळी फोटोवाला ठरवायचा म्हणजे शोकेस पाहायची. भास्करच्या शोकेसमध्ये एका नवरीचा फोटो होता. नाकात नथ, नजर खाली, अगदी देखणी. इंझोरीचे एक काका त्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्या पोरीचा अस्साच पाह्यजे. बोल, येतं का?"

लग्न झालं. फोटो न्यायला काका आले. फोटो हातात घेऊन ते एकदा त्याच्याकडे पाहत, एकदा शोकेसकडे. मग भडकले, "हे काय? तसा कुठी आला?"

भास्कर म्हणाला, "काका, ते पोरगी येगळी हाय!"

"पोरगी येगळी असन. कॅमेरा तं तोच हाय नं!"

* * *

कोणी लग्नाचं सांगायला आलं की भास्करचा पहिला प्रश्न, "लगन कोन्त्या टायमाचं?" आम्हा बौद्धांची लग्नं बहुतेक भर दिवसा, त्यामुळे तिथे काळजी नसायची. गोरज मुहूर्त म्हटलं की त्याचा चेहरा पडायचा. मंगलाष्टकं लांबली की उजेड गेलाच! आणि त्याच्या फ्लॅशचा भरवसा नव्हता.

एका गोरज लग्नात त्याने युक्ती काढली. नवरा-नवरीला दुपारीच मांडवात उभं केलं. "फक्त फोटोपुरते हार घाला. खरे मंग संध्याकाळी."

दोघांनी हार घातले. ते पाहून नवरीच्या आत्याने अक्षता टाकल्या. आत्याने टाकल्या म्हणून सगळ्या बायकांनी टाकल्या. अक्षता पाहून बँडवाल्याने बँड सुरू केला. बँड ऐकून आचाऱ्याने पंगत बसवली.

भटजी अजून एसटीत होते!

संध्याकाळी मोठा वाद झाला. लग्न दुपारचं धरायचं की आताचं? शेवटी नवरीच्या मामांनी विचारलं, "फोटो निंगाला का?"

"निंगाला."

"मंग झालं लगन! भटजीले जेवू घाला."

* * *

अनसिंगला एकाच दिवशी दोन लग्नं होती. भास्कर एसटीतून उतरला, बँड वाजत होता त्या मांडवात शिरला आणि कामाला लागला. कोणी काही विचारलं नाही. मुलीकडच्यांना वाटलं, हा मुलाकडच्यांनी आणला. मुलाकडच्यांना वाटलं, मुलीकडचे हौशी आहेत! त्याला आग्रहाने पंगतीला बसवलं.

तेवढ्यात दुसऱ्या मांडवातला माणूस धापा टाकत आला. "अहो फोटोवाले, तुमी इथी काहून? आमची नवरी कवाची हार घेऊन उभी हाय!"

भास्कर उठायला लागला, तर बुंदी वाढणाऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं आणि त्या माणसाला म्हणाला, "उभी हाय नं? पळून तं नाही जाऊन राह्यली? जेवू द्या त्याले!"

* * *

अंगणात हे चाललं होतं, तोवर मी स्टुडिओत जाऊन आलो. फोटोंच्या पेट्या उघडून पाहिल्या. आमच्या भागातली बहुतेक सगळी लग्नं तिथे होती. परत आलो तेव्हा दौलत भास्करच्या लग्नाचं सांगत होता. त्या लग्नाला मीही होतो.

स्वतःच्या लग्नाला फोटोवाला कोण, या प्रश्नाने भास्करने आम्हाला महिनाभर फिरवलं. वाशीमच्या फोटोवाल्याकडे गेलो. बाहेर येऊन म्हणाला, "हा मानसायचे पाय कापते." कारंज्याचा पाहिला. "हा पाय ठेवते, पन डोकं उडवते." मंगरुळपीरच्याचं काम मला तरी चांगलं वाटलं. भास्कर म्हणाला, "काम ठीक हाय, पन याच्या फोटोत सगळे सुतकी दिसतात."

दौलत वैतागला. "अबे, नवरी पसंत कराले तुले इतका टाइम नाही लागला!"

शेवटी लग्नाच्या दिवशी नवरदेव कॅमेरा गळ्यात अडकवूनच आला. दौलतने कॅमेरा मागितला, मी मागितला. कोणाला द्यायला तयार नाही!

बुद्धवंदना होईपर्यंत तो शांत उभा होता. हाराची वेळ आली. सुमनवहिनी पांढऱ्या साडीत, हातात हार. त्यांच्यावर उजेड असा पडला की भास्करला राहवलं नाही. आपला हार त्याने दौलतच्या हातात दिला, मागे सरकला, एक डोळा मिटला आणि सवयीने म्हणाला,

"ताई, मान जराशी वर!"

सगळा मांडव हसला. वहिनीही हसल्या. तेव्हा त्याने बटण दाबलं. मग जरा डावीकडून. मग खाली बसून.

वहिनींचे एक लांबचे काका उशिरा पोहोचले होते. त्यांनी नवरदेव पाहिलेला नव्हता. ते गर्दीतून पुढे आले आणि भास्करवर ओरडले, "ओ फोटोवाले! सरका मांगं! नवरदेवाले येऊ द्या नं समोर!"

भास्कर म्हणाला, "हो काका," आणि बाजूला सरकला. तिथूनही त्याने एक फोटो काढला.

रोल धुतला. प्रत्येक फोटोत वहिनी एकट्या, हातात हार, आणि हसताहेत. त्याने काढलेले इतके चांगले फोटो मी दुसरे पाहिले नाहीत.

"अन् आपला जोडीचा?" वहिनींनी तेव्हा विचारलं होतं.

"ते तं घरचं काम हाय. कवाही काढू."

तो फोटो काढायचा राहिला.